वर्डप्रेसवर मराठी साइट आहे? मग स्लग बघा आधी

थीम, रंग, फॉन्ट वगैरे सगळं निवांत करा हो, आधी स्लग बघा, म्हणजे लिंकच्या शेपटाला पोस्टचं नाव येतं ना तो भाग. शीर्षक देवनागरीत टाकलं की स्लगही आपोआप देवनागरीत बनतो, दिसायला झकास, पण डेटाबेसमध्ये तो एन्कोड होऊन, म्हणजे टक्क्याची चिन्हं असलेल्या कोडात बदलून जातो आणि तिथं जागा फक्त 200 कॅरेक्टर्सची. आपलं एक अक्षर एन्कोड झालं की 9 कॅरेक्टर्स खातं, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात बरं का, म्हणजे जेमतेम 22 चिन्हांत खेळ खलास! ‘कोकणातल्या पावसाळी रानभाज्या’ असं शीर्षक द्या, स्लग ‘रानभा’वर तुटतो. वर व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की टक्क्यांच्या चिन्हांची ही लांबलचक रांग, बघून कोणी क्लिक करेल का?

त्यामुळे मी पब्लिश करायच्या आधीच छोटासा रोमन स्लग हाताने टाकते, शुद्ध मराठीवाले नाक मुरडतात, मुरडू देत.

जुन्या पोस्टचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुनी लिंक स्वतःच नव्याकडे वळवतं, पण पेजेसना, म्हणजे ‘आमच्याविषयी’सारख्या कायमच्या पानांना, ही सोय नाही, तिथं रीडायरेक्ट (जुन्या लिंकवरून नव्याकडे वळवणं) आपणच लावायचा, नाहीतर लोक येऊन 404, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, बघून परत जातात. आणि हे करताना बॅकअप घ्या, प्लीज, होस्टिंगवाला घेत असेल या भरवशावर राहू नका.

रिव्हिजन्सनी, म्हणजे पोस्टच्या साठून राहिलेल्या जुन्या आवृत्त्यांनी, डेटाबेस कसा फुगतो ते पुढच्या वेळी.