मॉन्टेरेला गळ टाकायचाय? आधी नकाशा बघा

दर उन्हाळ्यात इथल्या, कॅलिफोर्नियातल्या बे एरियाच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, मॉन्टेरेला मासे गरवायला जायचंय, लायसन्स कुठून काढू? अहो लायसन्स ऑनलाइन मिळतं, सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला लागतं (पब्लिक पिअर सोडून), आणि वर्षाचं घेतलं तर २०२३ पासून ते घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतं. पण घोळ तिथे नाहीच, घोळ होतो तो तुम्ही नेमक्या कुठल्या खडपावर उभे आहात यात.

ब्रेकवॉटर म्हणजे बंदराच्या लाटारोधक बांधापासून ॲक्वेरियमपर्यंतचा पट्टा म्हणजे एडवर्ड रिकेट्स कन्झर्व्हेशन एरिया, तिथे गळाने मासे धरा, चालतंय, पण खेकडे, कालवं, ऑक्टोपस यांना हात लावायचा नाही. ॲक्वेरियम मागे टाकून लव्हर्स पॉइंटकडे निघालात की रिझर्व्ह लागतो, तिथे गळच टाकायचा नाही, शिंपला नाही, दगडसुद्धा उचलायचा नाही. लव्हर्स पॉइंट ते पॉइंट पिनोस परत माशांना परवानगी, आणि पिनोसला वळून असिलोमारकडे गेलात की परत सगळं बंद! एका सकाळी चालून होईल एवढाच किनारा आहे हा, पाणी सगळीकडे सारखंच दिसतं आणि मधे कुंपण थोडंच घातलंय कोणी.

ॲक्वेरियम ते लव्हर्स पॉइंटच्या त्या रिझर्व्हला ज्युलिया प्लॅटचं नाव आहे. प्राणिशास्त्रातली बाई, सत्तरी ओलांडल्यावर १९३१ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हची महापौर झाली, शेजारी सार्डिनचे कारखाने चालू असताना तिने किनाऱ्याचा तुकडा राखून ठेवला. मला ही बाई जाम आवडते. समुद्र राखण्याचा राज्याचा कायदा आला थेट १९९९ ला, आणि २०१२ पर्यंत असे १२४ राखीव भाग झाले, राज्याच्या समुद्राचा साधारण १६ टक्के.

ओहोटीला मुलं बादली घेऊन गोगलगायी गोळा करतायत आणि आईबाबा फोटो काढतायत हे बघितलं की माझं डोकं फिरतं. गावी कालवं काढायचो आम्ही, हे ऐकवू नका प्लीज, मालवणलासुद्धा १९८७ पासून समुद्री अभयारण्य आहे.

बोटीवाल्यांना एक सवलत आहे, धरलेले मासे घेऊन रिझर्व्हमधून जाता येतं, फक्त जाताना गळ-दोरी पाण्यात नको. हद्दी अक्षांश-रेखांशांवर आखलेल्या आहेत त्यामुळे अंदाजपंचे काही करू नका, फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या साइटवर नकाशा आहे, घरूनच स्क्रीनशॉट काढून न्या.

आणि एवढी कटकट नकोच असेल तर सरळ व्हार्फ नंबर दोनवर जा, पब्लिक पिअर आहे, म्हणजे समुद्रात गेलेला सार्वजनिक धक्का, तिथे लायसन्सही लागत नाही. मात्र किती आणि केवढे मासे घ्यायचे याचे नियम तिथेही आहेतच, रॉकफिश मिळाले तर सगळ्या जातींचे मिळून माणशी दहाच. बऱ्याचदा मॅकरेल लागतो, आपल्या बांगड्याचाच चुलतभाऊ, मस्त तिखट-मीठ लावून तळा.