स्वयंपाकघराच्या पलीकडचा मुलगा

शनिवार, रात्री पाऊण वाजता

झोप लागत नाही म्हणून वही काढली. आज लेकाबरोबर 'मड' हा सिनेमा पाहिला. दिग्दर्शक जेफ निकोल्सचा, 2012चा. तो तान्हा होता तेव्हा मी एकटीने पाहिला होता. नदी, बेट, दोन पोरांचं धाडस एवढंच डोक्यात राहिलं होतं. आज शेजारी 14 वर्षांचा मुलगा मांडी घालून बसलेला आणि पडद्यावर तेवढ्याच वयाचा एलिस, तर सगळा सिनेमाच वेगळा दिसला.

सुरुवातीलाच पोटात कालवलं. अजून उजाडायचंय, एलिस गुपचूप घराबाहेर पडायच्या तयारीत आहे आणि त्याच्या कानावर स्वयंपाकघरातलं आईबापांचं बोलणं पडतं. तो थबकतो, ऐकतो, आणि काही न बोलता निघून जातो. बास, एवढंच. पहिल्यांदा पाहताना हा प्रसंग माझ्या लक्षातही राहिला नव्हता. आज मी हळूच लेकाकडे पाहिलं. त्याची नजर पडद्यावरून हलली नाही.

गोष्ट अमेरिकेतल्या आर्कान्सामधली. निकोल्स तिथलाच, लिटल रॉकचा. व्हाइट नदीच्या काठी तरंगत्या घरांत राहणाऱ्या माणसांच्या छायाचित्रांचं एक पुस्तक त्याच्या हाती लागलं, आणि तिथून हे बीज रुजलं. त्यामुळे नदी नुसती मागे वाहत नाही. एलिसचा बाप मासे पकडतो आणि गाडीतून दारोदार विकतो, पोरगा बरोबर असतो. नेकबोन हा त्याचा दोस्त काकाकडे वाढलाय, आणि तो काका घरी बनवलेलं शिरस्त्राण घालून नदीच्या तळाशी शिंपले काढायला उतरतो. नेकबोनचं काम करणारा जेकब लोफलंड आर्कान्साचाच, हा त्याचा पहिला सिनेमा. बोट चालवताना तो जराही अभिनय करतोय असं वाटत नाही.

मिसिसिपी नदीतल्या एका बेटावर पुराने एक होडी नेऊन झाडावर अडकवलीय. पोरांना ती आपली करायची असते. वर चढतात तर आत पाव सापडतो. म्हणजे इथे कुणीतरी राहतंय. मग ओल्या वाळूत बुटांचे ठसे दिसतात, टाचेत खिळ्यांनी ठोकलेला क्रूस उमटलेला. ठसे चालत चालत मध्येच संपतात. मान वर करून बघतात तर माणूस समोर उभा. लेक नकळत माझ्याकडे सरकला.

हा मड, मॅथ्यू मॅकॉनहे. हातावर साप गोंदलेला, कमरेला पिस्तूल, अंगात एकच सदरा, आणि तो सदरा आपलं रक्षण करतो अशी त्याची श्रद्धा. टेक्ससमध्ये त्याने एका माणसाला मारलंय, कारण त्या माणसाने जुनिपरला, याच्या लहानपणापासूनच्या प्रेमाला, छळलं होतं. आता मेलेल्याचा बाप भाडोत्री माणसं घेऊन मागावर आहे. मडला होडी खाली उतरवून जुनिपरला घेऊन निघून जायचंय. पोरांनी खायला आणायचं, इंजिनाचे भाग आणायचे, चिठ्ठ्या पोचवायच्या.

नेकबोन व्यवहार जाणतो, त्याला बदल्यात पिस्तूल हवंय. एलिस काही मागत नाही. या माणसाचं एका बाईवर प्रेम आहे आणि तो तिच्यासाठी थांबलाय, एवढ्यावर तो वाट्टेल ते करायला तयार होतो. चोऱ्या करतो, खोटं बोलतो, मोठ्या माणसांच्या अंगावर धावून जातो. पूर्वी मला वाटलं होतं की त्याला साहसाची भूल पडलीय. आज कळलं की पोरगा साक्षीदार शोधतोय. घरी आईला नदी सोडून गावात राहायला जायचंय, घर तिच्या नावावर आहे, ती गेली की ते मोडून टाकणार. बाप मनाने खचलेला, प्रेमावर विसंबू नकोस म्हणून पोरालाच बजावतो. या दोघांचं काही खरं नाही, तर मग जगात कुठेतरी एक तरी जोडी टिकलेली असायला हवी की नाही?

आणि ती जोडीही टिकत नाही. जुनिपर बारमध्ये दुसऱ्याच माणसाबरोबर दिसते. मडही हरतो, चिठ्ठी लिहून तिचा नाद सोडतो. त्याच सुमारास एलिसला आवडलेली मुलगी त्याला चारचौघांत झिडकारते. मग तो बेटावर येऊन मडवर जे ओरडतो ना, ते माझ्याने बघवलं नाही. तू आम्हाला वापरलंस, तू खोटारडा आहेस, तुझ्यासाठी मी चोर झालो. एलिस झालेल्या टाय शेरिडनचा आवाज तिथे फाटतो. तो मडवर ओरडत नव्हता, निदान एकट्या मडवर तरी नाही. स्वयंपाकघरात कुजबुजणाऱ्या आम्हा सगळ्यांवर तो ओरडत होता.

पुढे एलिसला साप चावतो आणि मड त्याला उचलून पळत सुटतो, सगळ्यांसमोर दवाखान्यात नेतो. पकडले जाऊ हे माहीत असून. तो थापाड्या होताच, पण त्या पोराला उचलताना त्याने क्षणभरही विचार केला नाही, आणि एलिसला नेमकं हेच बघायचं होतं. शेवटचा गोळीबार मला आजही जास्तीचा वाटला. त्याच्यामुळे सिनेमा थोडा वेळ दुसऱ्या कुणाचा तरी होतो. एलिसच्या आईच्या वाट्याला आणखी दोन प्रसंग यायला हवे होते, हेही मनापासून वाटतं. ती वाईट बाई नाही. तिला फक्त तिथे राहायचं नाहीये.

सिनेमा संपल्यावर लेक उठला, पाणी प्यायला. मी भांडी आवरायला घेतली. ओट्याखाली खोका आहे, त्यात मी गेल्या आठवड्यापासून माझ्याकडची भांडी वेगळी काढतेय. त्याला सांगितलंय, जुनी आहेत, कुणाला तरी देऊन टाकायचीत. त्याने वाकून त्यातली त्याची लहानपणीची स्टीलची वाटी बाहेर काढली, नाव कोरलेली.

"ही पण देणार?"

"नाही रे, ती कशी देईन."

"मग खोक्यात का ठेवलीस?"

मला उत्तर सुचेना. तो वाटी हातात फिरवत उभा राहिला, मग म्हणाला, "आई, तुम्ही रात्री स्वयंपाकघरात बोलता ना, ते माझ्या खोलीत ऐकू येतं. भिंत एकच आहे."

सहा महिने आम्ही दार लोटून, आवाज खाली घेऊन बोलतोय. त्याला त्रास नको म्हणून. त्याने केव्हापासून ऐकलं, काय काय ऐकलं, कोणत्या रात्री उशीत तोंड घातलं, मला काही ठाऊक नाही.

मी त्याला जवळ घेतलं. तो मोठा झालाय, हल्ली लांब पळतो, आज उभा राहिला. "बाबा कुठे राहणार?" एवढंच विचारलं त्याने. मी खरं ते सांगितलं, की अजून ठरलं नाहीये. "ठरलं की मला सांगा, दोघांनी मिळून," म्हणाला आणि वाटी घेऊन झोपायला गेला.

त्याच्या बाबांना सकाळी सांगायचं. उद्या रविवार, दुपारी एकत्र जेवायचं. तिघांनी बसून बोलायचं, दार उघडं ठेवून.