आमची वाटचाल: 88 टक्क्यांवर अडलेला कॉलम

लोटे परशुरामच्या एमआयडीसीत शेड घेतली तेव्हा आमच्याकडे एक सेकंडहँड कॉलम (मिश्रण उकळून त्यातली द्रवं वेगळी करणारा उभा मनोरा), एक बॉयलर आणि बँकेचं कर्ज एवढंच होतं. काम जॉबवर्कचं. औषध कंपन्यांचं वापरलेलं सॉल्व्हन्ट (द्रावक) आणायचं, शुद्ध करून परत द्यायचं.

पहिलाच मोठा लॉट आयपीएचा, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, पाणी मिसळलेला. गिऱ्हाइकाला मॉइश्चर अर्ध्या टक्क्याच्या आत हवं होतं. आम्ही रिफ्लक्स, म्हणजे माथ्यावर थंड झालेल्या द्रवाचा कॉलममध्ये परत सोडायचा भाग, वाढवत गेलो, पण माथ्यावरचं तापमान 80 अंशांच्या आसपास अडलं आणि माल 88 टक्क्यांच्या पुढे सरकेना. दोन रात्री जागल्यावर ऑपरेटर म्हणाला, "साहेब, कॉलमची उंची कमी पडतेय का?" उंचीचा प्रश्नच नव्हता. या प्रमाणात आयपीए आणि पाणी एकत्रच उकळतात. जे प्रमाण द्रवात, तेच वाफेत. तिथे तिसरं काहीतरी घालावंच लागतं.

आम्ही सायक्लोहेक्झेन घातलं. (पूर्वी अशा कामाला बेंझीन वापरत, त्याने कर्करोग होतो, म्हणून ते दारातही आणलं नाही.) तिघांची वाफ 64 अंशांच्या आसपास वर येते आणि थंड झाली की डिकॅन्टरमध्ये, म्हणजे थर वेगळे करायच्या टाकीत, दोन थर पडतात. वरचा सायक्लोहेक्झेनचा थर कॉलममध्ये परत, पाण्याचा बाहेर, आणि कॉलमच्या तळाला कोरडं आयपीए. मॉइश्चर उत्तम आलं. तरीही माल परत आला. गिऱ्हाइकाच्या जीसीवर, म्हणजे मिश्रणात काय काय आहे ते दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, एक जास्तीचा पीक (आलेखातला उंचवटा) दिसला होता, आमच्याच सायक्लोहेक्झेनचा. टँकरचं दोन्ही बाजूंचं भाडं आमच्या अंगावर पडलं.

त्या दिवसापासून कुठलंही द्रव निवडताना आम्ही आधी विचारतो: घातलेलं पुन्हा निघेल का, आणि थोडं उरलंच तर गिऱ्हाइकाला चालेल का?

मग एमईजीकडे, म्हणजे मोनोएथिलीन ग्लायकॉलकडे, वळलो. 197 अंशांना उकळणारं हे ग्लायकॉल कॉलमच्या वरच्या भागात सोडलं की पाण्याला धरून खाली जातं आणि आयपीए एकटं वर येतं. दुसऱ्या कॉलममध्ये व्हॅक्यूमखाली पाणी काढलं की तेच एमईजी पुन्हा वापरता येतं. व्हॅक्यूम ढिला पडला आणि रिबॉयलर (कॉलमच्या तळाचं द्रव उकळणारं उपकरण) जास्त तापला, तर मात्र ते काळपट पडतं.

मला सर्वांत आवडलेलं काम ॲसिटोन-मेथॅनॉलचं. 12 टक्क्यांच्या आसपास मेथॅनॉल ॲसिटोनला सोडत नाही. आम्हाला महागडी द्रवं सुचवली जात होती. आमच्या लॅबमधली नुकतीच लागलेली केमिस्ट म्हणाली, "सर, आधी पाणीच घालून बघू या ना." काचेच्या छोट्या कॉलमवर तिने वरून पाणी सोडलं, मेथॅनॉल पाण्याबरोबर खाली राहिलं, ॲसिटोन वर आलं. मेथॅनॉल आणि पाणी तर साध्या डिस्टिलेशननेच सुटतात. आयपीएच्या लॉटमध्ये ज्या पाण्याने आम्हाला रडवलं, तेच इथे कामाला आलं.

आता कुठलाही नवा लॉट आधी त्या काचेच्या कॉलमवर चढतो. या आठवड्यात टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान, हेही एक सॉल्व्हन्ट) आणि पाण्याचा नमुना आला आहे. टीएचएफमध्ये तयार होणाऱ्या स्फोटक पेरॉक्साइडची तपासणी झाल्याशिवाय त्याखाली हीटर लावायचा नाही, असं केमिस्टने फलकावर लिहून ठेवलं आहे.