एंगेलबर्गची एकादशी

टूर मॅनेजर म्हटलं की लोक म्हणतात, मजा आहे बुवा, फुकटात युरोप. स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस डोंगरावर मी किती वेळा गेलो याचा हिशेब नाही, पण वर गेल्यावर मी डोंगर बघत नाही, डोकी मोजतो. आमची सकाळ सहा-सात-आठची. सहाला वेकअप कॉल, सातला नाश्ता, आठला बस. त्यातलं आठ महत्त्वाचं. ड्रायव्हरला ४.५ तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, रात्री साधारण ११ तासांची विश्रांती लागते, आणि सगळं गाडीतल्या टॅकोग्राफवर उमटतं. सकाळी पॅसेंजरने खाल्लेली पाच-पाच मिनिटं संध्याकाळी माझा एखादा पॉइंट खातात.

देवधर्म हा माझ्या लेखी या वेळापत्रकातला एक रकाना. रूमिंग लिस्टवर नावापुढे खुणा असतात : जैन, कांदा-लसूण नाही, उपास. त्या जुलैच्या टूरवर उपासाच्या खुणा ११ होत्या, कारण टिटलिसच्या पायथ्याच्या एंगेलबर्ग गावातला आमचा दिवस नेमका आषाढीचा. आमच्याकडे तारखा ठरवणारी मंडळी कालनिर्णय बघत नाहीत. मी ल्युसर्नच्या भारतीय हॉटेलात साबुदाण्याची खिचडी सांगून ठेवली होती, जिरं चालेल, मोहरी-हळद नको, हे आचाऱ्याला दोनदा बजावलं होतं. राजगिऱ्याचे लाडू पुण्याहूनच आणलेले. स्वतःवर खूश होतो. मी देव मानतो असं नाही. घरी गणपती बसतो, आरतीला मी टाळ्या वाजवतो, एवढंच.

काकू साताऱ्याकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या. मुलाने हौसेने पाठवलेल्या. आदल्या रात्री वायफायचा पासवर्ड विचारायला आल्या. पंढरपुरात पहाटे अडीचच्या सुमारास शासकीय महापूजा होते. स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात. त्यांना ती मोबाइलवर बघायची होती. मी पासवर्ड दिला आणि झोपलो. जी बाई रात्री अकराला महापूजा बघते ती पहाटे काय करेल, हे चौदा वर्षांच्या अनुभवानंतर मला सुचायला हवं होतं.

४ वाजून २० मिनिटांनी अलार्म झाला.

छतावरच्या डिटेक्टरला ज्योतीचं काही नसतं. त्याच्या आत प्रकाशाचा झोत असतो, त्यात धुराचे कण शिरले की तो बोंब मारतो. नुसत्या निरांजनाने बहुधा निभावलं असतं. पण बंद खिडकीत तीन उदबत्त्या! आंघोळीच्या दाट वाफेनेही तो कधीकधी वाजतो. ही माहिती मला पुढे अर्ध्या तासात उपयोगी पडली.

पार्किंगमध्ये कानटोप्या, शाली, गाऊन. एक गृहस्थ ब्लेझर घालून. अशा वेळी मी नावं पुकारत नाही, जोड्या मोजतो. प्रत्येकाने आपला रूम पार्टनर हाताला धरून दाखवायचा. ४३ पैकी ४२ भरले. काकूंच्या पार्टनर म्हणाल्या, “त्या म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे.”

अलार्म चालू असताना परत आत जायचं नाही, हे मीच सगळ्यांना सांगतो. गेलो.

टेबलावर टॉवेलची घडी, तिच्यावर वीतभर विठ्ठल, पुढे निरांजन. उदबत्त्या पाण्याच्या ग्लासात बुडवलेल्या, म्हणजे काय झालंय ते काकूंना कळलं होतं. तरी बसून होत्या.

“काकू, चला!”

“फुलवात संपत आलीये. शांत होऊ दे रे.”

मी वाकलो आणि फुंकर मारली.

दिवा तोंडाने विझवायचा नसतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणी याच गुन्ह्यासाठी आजीचा धपाटा खाल्लाय. शेजारचा रिकामा ग्लास त्याच्यावर पालथा घातला असता तरी थोड्या वेळात काम झालं असतं. तेव्हा सुचलं नाही. त्यानंतर किती वेळा सुचलं! काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, विठ्ठल पदरात घेतला आणि जिना उतरू लागल्या.

बंबावर आलेली माणसं गावातलीच, झोपेतून उठून आलेली. बंब फुकट आला की बिल येतं. म्हणून मॅनेजरला मी म्हणालो, बाथरूमचं दार उघडं राहिलं, वाफेने झालं. तो काही बोलायच्या आत काकू पुढे आल्या.

“नो वाफ. मी. दिवा, अगरबत्ती. सॉरी.” आणि हात जोडले. मग माझ्याकडे वळून, “दिवा मी लावला ना? मग एकादशीच्या दिवशी त्याच्या नावावर खोटं कशाला?”

बिल त्यांच्या मुलाने भरलं. “अशांनी घरीच बसावं,” हे ब्लेझरवाले मोठ्याने म्हणाले. दोनच दिवसांपूर्वी त्यांच्या खोलीतून मी मॅगी शिजवलेली किटली काढून घेतली होती.

बस ८ वाजून ४० मिनिटांनी सुटली. वरचं स्टेशन ३,०२० मीटरवर, काकूंच्या पोटात दोन लाडू आणि केळं, म्हणून फिरत्या केबलकारमध्ये मी त्यांच्या शेजारीच उभा राहिलो. शुगर नाही ना, चक्कर नाही ना, एवढंच विचारत होतो. फुंकरीचं बोलायचं होतं. जमलं नाही. त्या बर्फ बघत होत्या आणि खूश होत्या, अगदी खऱ्या खूश.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये त्या माझ्या मागच्याच सीटवर होत्या. मुलाचा फोन आला. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही, काकूंचं आलं.

“नाही रे, दिवा नीट झाला. वात संपली, आपसूक शांत झाला.”

वाफेचं खोटं त्यांना चाललं नव्हतं. हे चाललं. मुलाला वाईट वाटू नये म्हणून, की मी पुढे बसलोय हे माहीत होतं म्हणून, की दिव्याच्या बाबतीत त्यांचं दुसरंच काही गणित असतं? मी वळून बघितलं असतं तर कदाचित कळलं असतं. रिपोर्टात मी खोली नंबर लिहिला, उदबत्ती लिहिली, पॅसेंजरने स्वतः कबूल केलं हेही लिहिलं. फुंकर लिहिली नाही. आता बॅगेत सेलवरचे चार दिवे ठेवतो आणि पहिल्याच रात्री विचारतो कुणाला हवेत.

हॉटेल जवळ आलं तेव्हा मागे फोन बंद झाला होता. मी माइक चालू केला आणि उद्याचं सांगितलं. सहा, सात, आठ.