दोरीविना पहिली रात्र

बुधवार, रात्री पाऊण वाजता

छकुली आज पाळण्यात नाही. माझ्या पलंगाला खेटून नवी कॉट लावली आहे, तीत झोपलीय. मला झोप येईना म्हणून वही घेतली.

गेल्या गुरुवारी दुपारी मेथी निवडत होते. सहज मान वर केली तर पाळणा एका अंगाला कललेला. ही पालथी पडून, दोन्ही हात टेकून, कडेवरून बाहेर बघत होती. ती पहिल्यांदा पालथी पडली याचं कौतुक करायच्या आधी माझ्या पोटात गोळा आला. पाळण्याच्या कागदावर 9 किलोपर्यंत चालेल असं लिहिलंय आणि ही जेमतेम 7 किलोची, म्हणून मी निवांत होते. पण नुसतं वजन बघून भागत नाही. बाळ पालथं पडायला लागलं, हातांवर उठायला लागलं की पाळण्याचे दिवस भरले. पाच महिन्यांतच भरले. त्याच रात्रीपासून दुपट्यात गुंडाळणंही सोडलं. पालथ्या पडणाऱ्या बाळाचे हात मोकळे हवेत.

कॉट आधीच सांगलीच्या खणभागातल्या एका सुताराला सांगितली होती. घरी आल्यावर टेप लावला, दोन पट्ट्यांत साडेआठ सेंटिमीटर फट. "ताई, एवढ्यातनं पोरगं पडतंय व्हय?" पडत नाही, पण अंग निसटून डोकं अडकू शकतं. फट 6 सेंटिमीटरच्या वर नको, हे मी ऑर्डर देतानाच सांगितलं होतं. कॉट परत पाठवली. दोन दिवसांनी पट्ट्या जवळ बसवून, कडा पॉलिशपेपरने गुळगुळीत करून आली. गादी काथ्याची, घट्ट. कापसाची मऊ असते, पण बाळ तीत रुततं. गादी आणि लाकूड यांच्यामध्ये चारही बाजूंनी बोटं घालून पाहिली. दोन बोटं शिरली असती तर गादीही परत केली असती.

हे सगळं सोपं होतं. अवघड होतं ते आईंना सांगणं.

मला सातवा लागला तेव्हापासून त्यांनी आपल्या जुन्या इरकलीची गोधडी शिवायला घेतली होती. डोळ्यांना त्रास असताना, दुपारच्या उन्हात दारात बसून. शिवाय मोहरीची उशी. आज दोन्ही घेऊन त्या कॉटपाशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "अहो आई, आत फक्त चादर. तोंडावर काही आलं तर तिला अजून बाजूला सारता येत नाही." बराच वेळ त्या उशीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, पण डोकं चपटं होईल ना तिचं." त्याला उपाय आहे: झोपवायचं उताणंच, पण दिवसा जागेपणी, आपल्या डोळ्यांसमोर पालथं ठेवायचं. संध्याकाळी आईंनीच ती गोधडी सोप्यात अंथरली, छकुलीला पालथं घातलं आणि तिच्यासमोर स्वतःही पालथ्या पडल्या, गुडघे दुखत असताना. दोघी नाकाला नाक लावून बोलत होत्या. माझे डोळे भरून आले.

चार दिवस फक्त दुपारची झोप कॉटमध्ये काढली; पाळण्याचे दिवस भरले हे कळूनही रात्र पाळण्यातच, ते चुकलंच माझं. तिला झोक्यांची सवय. स्थिर जागा म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हतं. पहिल्या दुपारी चाळीस मिनिटं रडली. मी तिला उचललं, शांत केलं, पुन्हा ठेवलं. कॉट हलवली नाही. आज रात्री डोळे जड झाल्यावर, पण जागी असतानाच, उताणी ठेवली आणि छातीवर तळवा टेकवला. तिने माझं एक बोट धरलं. किती वेळ धरलं होतं कोण जाणे. मग मूठ आपोआप सैल झाली.

पाळण्याची दोरी पाच महिने माझ्या मनगटाला असायची. अर्धवट झोपेतही हात ओढत राहायचा. आत्ता लिहायच्या आधी डोळा लागला होता, तेव्हा अंधारात हात तसाच ओढला गेला, रिकामा, आणि मी दचकून उठले. ती शांत होती. मच्छरदाणीतून तिचं पोट वरखाली होताना दिसतंय. आत्ता कुशीवर वळली.