समासातल्या चुण्या : अकरा महिन्यांची नोंद

चित्रं काढायला शिकायला लागून अकरा महिने झाले. मागची नोंद लिहिली तेव्हा जलरंगांवर वैतागून मी ब्रश धुऊन ठेवले होते. ते अजून तसेच आहेत, कोरडे ठणठणीत. पण हात रिकामा नाही. गेल्या सात महिन्यांत जेवढं काढलं तेवढं आधीच्या सत्तेचाळीस वर्षांत मिळून काढलं नसेल.

पहिले चार महिने (पटकन उरकते)

चित्र म्हणजे चेहरा किंवा निसर्गदृश्य, हे डोक्यात कुठून बसलं होतं कोण जाणे. चेहरे काढले, तर दोन डोळे दोन वेगळ्या माणसांचे. डोंगर काढले, ते गाद्या रचून ठेवल्यासारखे. कागद चांगला जाड, ३०० जीएसएमचा घेतला होता, पण वॉश (पाण्यात कालवलेल्या रंगाचा पातळ थर) अर्धवट सुकत आला की त्यात पुन्हा ओला ब्रश घालायची मला खोड. त्यामुळे प्रत्येक आकाशात झालरीच्या कडांचे डाग. चौथ्या महिन्याच्या शेवटी मी जाहीर केलं, आपल्यात काही नाही. नवरा म्हणाला, "अगं, चारच महिने तर झालेत." मी म्हटलं, या चार महिन्यांत एकदाही आपणहून कागद घेऊन बसावंसं वाटलं नाही, दर वेळी स्वतःला ढकलत न्यावं लागलं. यावर तो गप्प बसला.

पाचवा महिना : रद्दी

ऑफिसातल्या मीटिंगांच्या जुन्या वह्या टाकून द्यायच्या होत्या. नऊ वह्या. कुठे कामाचा आकडा राहिला असेल म्हणून पानं चाळत बसले आणि आकड्यांऐवजी समासच बघत राहिले.

एक पान अजून समोर आहे. मजकूर आहे 'पुढच्या तिमाहीचा अंदाज' असा काहीतरी. शेजारी बॉलपेनने एक खिळा, खिळ्याला काहीतरी अडकवलेलं आणि त्यातून खाली उतरणाऱ्या तीन रेघा. मधली रेघ वाटेत आत वळून नाहीशी होते आणि दोन बोटं खाली पुन्हा वर येते. ती आत जाते तिथे पेन दाबून काळं केलंय. मी हे काढल्याचं मला आठवतसुद्धा नाही. पुढच्या पानावर घडी घातलेलं काहीतरी, त्यापुढे खुर्चीच्या पाठीवरून लोंबणारं काहीतरी. मग मोजायलाच बसले. हिशेबाचं काम करते, तेवढी सवय आहेच. नऊ वह्यांत २१२ गिरगोट्या, त्यातल्या १४३ लोंबणाऱ्या, दुमडलेल्या, चुरगळलेल्या. चेहरे सहा. डोंगर एकही नाही.

म्हणजे माझा हात अकरा-बारा वर्षं कापडाच्या चुण्या काढत होता आणि मी मात्र त्याला डोंगर काढायला बसवत होते.

आपल्यातलं काही शोधायचं म्हणून लोक एकामागून एक क्लास लावतात, मीही लावला होता. पण 'काय यावंसं वाटतं' या प्रश्नाला आपण जे उत्तर देतो ते बहुतेक वेळा दुसऱ्याचं बघून दिलेलं असतं. लक्ष नसताना हात काय करतो, तोंड काय गुणगुणतं, गप्पांत आपण कशाचं वर्णन नको इतकं लांबवतो, तिथे बघावं. रवींद्रनाथ टागोरांचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेलच. हस्तलिखितातली खाडाखोड एकमेकींना जोडता जोडता तिचे आकार व्हायला लागले, साठी उलटल्यावर ते खरोखर चित्रं काढायला लागले आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं. माझी तुलना त्यांच्याशी नाही, फक्त त्यांच्या खाडाखोडीशी आहे.

सहा ते आठ : उशा

या काळात एकच गोष्ट केली, पण ती खूप केली.

ड्यूरर या जर्मन चित्रकाराचा १४९३ सालचा एक कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. एका बाजूला त्याचा स्वतःचा चेहरा, एक हात आणि खाली एक उशी. मागच्या बाजूला नुसत्या सहा उशा, वेगवेगळ्या दाबलेल्या, पेन आणि शाईने काढलेल्या. विशीतला मुलगा उशीला गुद्दे घालतोय आणि काढतोय, पुन्हा घालतोय आणि काढतोय, असं डोळ्यासमोर आलं. मीही तेच धरलं. रात्री टेबलावर उशी, डावीकडून एकच दिवा, बाकीचे बंद. एक गुद्दा, वीस मिनिटं, टू-बी (जरा मऊ) पेन्सिल. आठवड्याला सहा.

पहिल्या वीस उशा दगडासारख्या झाल्या. कारण सापडायला जवळजवळ महिना गेला. चुणीच्या सावलीतल्या बाजूला खालच्या कापडावरून उजेड परत उडतो आणि तिथे एक फिकट पट्टी दिसते. दिसते म्हणून मी ती चांगली पांढरी ठेवायचे. डोळे किलकिले करून बघितल्यावर कळलं की ती पट्टी शेजारच्या गडद रेषेमुळे उजळ भासते, प्रत्यक्षात उजेडाकडच्या मधल्या छटेपेक्षाही ती काळीच असते. उशी क्रमांक २३ मध्ये ती दाबली आणि उशी एकदम मऊ झाली. रात्री पावणेबाराला नवऱ्याला उठवून दाखवली. तो म्हणाला, "छान आहे, आता ती खरी उशी दे."

चुण्यांची नावं

कापडाच्या चुण्यांचे सात प्रकार चित्रकलेत शिकवतात. इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून मी आपली ठेवलीत. एका टोकाला टांगलं की पडते ती नळी. दोन टोकांना धरलं की मधे पडते ती झोळी. विजारीच्या गुडघ्यामागे नागमोडी. वर सरकवलेल्या बाहीचा पीळ. कोपर वाकवल्यावर अडकते ती कोपरी. मोकळं सुटून खाली येतो तो ओघळ. आणि जमिनीवर पडून राहतो तो ढीग.

झोळी सोपी वाटते, पण तिचा प्रत्येक वळसा दोन टांगलेल्या टोकांकडेच परत जायला हवा. एक जरी भरकटला तरी कापडाचं पत्र्यात रूपांतर होतं. कोपरी मला अजून येत नाही. अजिबात.

नववा महिना : राखाडी कागद

पांढरा कागद सोडला. राखाडी कागदावर मधली छटा कागदच देतो, आपण फक्त काळं आणि पांढरं द्यायचं. कोळशाची पेन्सिल, पांढरा खडू आणि मळून हवा तसा आकार देता येणारा खोडरबर, एवढंच सामान. चूक लगेच दिसते, कारण पांढरं जपून वापरावं लागतं. माझी पहिली पाच चित्रं पांढऱ्याने बरबटली.

कापड मांडून त्याच्या चुण्या काढणं काही नवीन नाही. लिओनार्दो तरुणपणी मातीच्या पुतळ्यांवर ओल्या मातीत बुडवलेली कापडं पांघरायचा आणि ती धीराने बघत लिननवर रंगवायचा, असं वासारी या सोळाव्या शतकातल्या इटालियन चरित्रकाराने लिहून ठेवलंय. मातीत बुडवायचं कारण साधं : चुण्या हलत नाहीत. मी मातीऐवजी स्टार्च वापरला. टेबलाला अजून कडक पापुद्रा चिकटलेला आहे, त्याबद्दल घरात बोलणं खायचं ते खाऊन झालंय.

दहा, अकरा : आत काय आहे?

समोरचं बघून काढणं हे नुसतं कसब, त्यात आपलं काय, असा किडा दहाव्या महिन्यात वळवळायला लागला. मग वस्तूंवर कापड टाकून काढायला लागले. शिडी, पंखा, उघडी छत्री. कापड कुठे ताणलं जातं यावरून आतलं ओळखू येतं. मुलगा चित्र बघून ओळखायचा, मी खूण करून ठेवायचे. चौदापैकी अकरा बरोबर.

मागच्या आठवड्यात आत काहीच न ठेवता, मनानेच काढलं. तीन टोकं वर आलेली, एक जरा झुकलेलं, बाकी कापड खाली ओघळलेलं. मुलाने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे बसलंय की उठतंय?" मी काढताना त्याचा विचारच केला नव्हता. रात्री पुन्हा बघितलं. उठतंय.

आता तेच मोठ्या कागदावर घेतलंय. वरचा भाग जमलाय. डावीकडे जिथे कापड वाकून अडकतं तिथे कोपरी लागणार आहे आणि तिथेच गेले तीन दिवस गाडी अडली आहे. कोणाला कोपरी साधली असेल तर कुठून सुरुवात करता, आतल्या खाचेपासून की बाहेरच्या कडेपासून, तेवढं सांगा.