चिन्नोर आधी, एचएमटी मागून

२५ मे, रात्र

आज नवतपा लागला, कडक उन्हाचे नऊ दिवस. दुपारी दोनला लाईन गेली ती साडेपाचला आली. कुलर बंद, रस्त्यावर कुत्रं नाही, दुकानात गिऱ्हाईक नाही. युरियाच्या थप्पीला पाठ टेकून बसलो, पण जीव घरच्या कपाटातल्या सिगारच्या डब्यात. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर आतला तापमान-ओलाव्याचा काटा ३३ अंशांवर. ओलावा ६१ दाखवत होता, म्हणजे खरा ६५. माझा काटा चारनं कमी दाखवतो. ओलाव्याची तक्रार नाही, पण ३३ म्हणजे सिगारला ताप भरल्यासारखंच. त्यांना १८ ते २१ अंश मानवतं. आमच्या पवनी तालुक्यात तेवढं फक्त हिवाळ्यात मिळतं. नाहीतर मग फ्रीज, तो जरा जास्तच थंड.

बायकोशी बोलणी केली. भाजीचा खालचा कप्पा अर्धा मिळाला, तोही कोथिंबीर आणि लिंबं एका अंगाला सरकवून, आणि "वास आला तर त्याच दिवशी बाहेर" या अटीवर. त्या अर्ध्या जागेत घट्ट झाकणाचा एक लहान डबा बसतो आणि डब्यात दहा सिगार. माझ्याकडे सोळा आहेत.

म्हणजे मुरवायला ठेवायच्या दहा, संपवायच्या सहा. दीड वर्ष हा निवाडा पुढं ढकलत होतो, शेवटी कोथिंबिरीनं करायला लावला.

गावात माझ्या या छंदाला "मोठी बिडी" म्हणतात. पोट्टे तर शेताच्या धुऱ्यावर मला बघून खिदळतात. आमच्या आजीनं आयुष्यभर बिड्या वळल्या. मांडीवर सूप, हातात कैची, आणि तेंदूचं पान कापताना नजर मात्र दारातल्या माणसावर. तिच्या तोंडी शब्द होता "चिरूट", साहेबलोक ओढत ते. हा शब्द तमिळ "सुरुट्टु"वरून आलेला, अर्थ एवढाच की गुंडाळी. तिकडं त्रिचीला चिरूट पूर्वीपासून वळत आले आहेत. आजी गेली ती खोकतच. तेव्हा मी काही फार थोर गोष्ट करतो आहे असा माझा समज नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एक, धूर तोंडातच ठेवायचा, छातीत घ्यायचा नाही. तरी तंबाखू ती तंबाखूच. आमच्या गल्लीत खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, खाऊन खाऊन तोंड दोन बोटांपलीकडे न उघडणारे दोघं आहेत, रोज दिसतात.

असो. हिशोब.

गेल्याच्या गेल्या दिवाळीला दुबईचा चुलतभाऊ आला तेव्हा त्यानं पंचवीस आणल्या. विमानतळावर जकातीशिवाय तेवढ्याच चालतात, म्हणून पंचवीस. पार्टागासच्या सेरी डी नंबर फोरची दहाची पेटी, ओलिव्हा सेरी व्ही पाच, मॅकॅन्युडो पाच, आणि सुट्या पाच. सुट्यांत एक पाद्रोन १९६४ आणि एक व्हॅनिलाच्या वासाची, ही त्याला दुकानदारानं गळ्यात मारली असणार. दीड वर्षात सात ओढल्या. दोन गेल्या उन्हाळ्यात किड्यानं खाल्ल्या.

त्या दोघींचं सांगायलाच पाहिजे. सुरुवातीला मला वाटलं, सिगार म्हणजे लाकडी पेटी हवीच. सुताराकडून सागवानाची करून घेतली, आलापल्लीचा साग म्हणून कौतुकानं. आतून पॉलिशही मारायला लावलं, हे माझं शहाणपण. सिगारच्या पेट्यांना स्पॅनिश सिडार नावाचं लाकूड वापरतात, ते नावाला सिडार, जातीनं आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. हे कळलं तेव्हा मला हसूच आलं, कारण आई धानाच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालते तो काय उगाच? माझ्या सागवानी पेटीत मात्र आठवड्याभरात सिगारला फर्निचरच्या दुकानाचा वास लागला. बाकीच्या काढून प्लास्टिकच्या डब्यात टाकल्या, दोन सुट्या तिथंच राहिल्या, विसरलो. मेमध्ये उघडलं तर पेटीच्या तळाला पिवळट भुकटी आणि सिगारच्या अंगाला सुईनं टोचल्यासारखी भोकं, अगदी गोल. एक आडवी धरून दिव्याकडं पाहिली तर आरपार उजेड. त्यातून एक तांबूस किडा निघाला, मोहरीएवढा, डोकं खाली खुपसून चालणारा.

आई चष्मा न लावताच म्हणाली, "हा तं हळदीतला होय."

आणि तोच निघाला. हळद, मिरची, तंबाखू, याला सगळं चालतं. अंडी पानातच असतात, ऊब मिळाली की फुटतात. आमच्याकडे म्हणजे होळीपासूनच. मग उरलेल्या सगळ्या पिशवीत बंद करून एक दिवस फ्रीजमध्ये, तीन दिवस बर्फाच्या कप्प्यात, परत एक दिवस खाली, असा सोपस्कार केला. एकदम बर्फातून बाहेर काढल्या तर पान तडकतं. पण त्या तीन दिवसांत लाईन किती वेळा गेली ते मोजलं नाही. म्हणून अंडी मेलीच असतील अशी माझी खात्री नाही, आणि म्हणूनच ३३ चा आकडा बघून पोटात गोळा येतो. ती सागवानी पेटी आता दुकानात आहे, माती परीक्षणाच्या पावत्या ठेवायला.

ओलाव्याचाही असाच घोळ घातला होता. मी धान विकणारा, विकत घेणारा माणूस. आधारभूत केंद्रावर १७ टक्क्यांच्या वर ओलं धान घेत नाहीत, हे डोक्यात पक्कं. ६५ टक्के ऐकून वाटलं की हे लोक सिगार पाण्यात बुडवतात की काय! धानाचा टक्का दाण्यातल्या पाण्याचा, सिगारचा टक्का भोवतीच्या हवेचा, हे कळायला महिना गेला. काटा खरा की खोटा तेही घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर चार थेंब पाणी, चिखल होईल इतकंच, विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि काटा एका डब्यात बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी ७५ दिसलं पाहिजे. माझ्यानं ७१ दाखवलं.

आता मुख्य गोष्ट. कोणती ठेवायची?

जेवताना डबा पुढ्यात घेऊन बसलो होतो. आई म्हणाली, "काहून रे, बियाणं निवडून राहिला का?" मी सांगितलं की काही सिगार ठेवल्या की वर्षा-दोन वर्षांत चांगल्या होतात, काही वाया जातात, आणि कोणत्या ते ठरत नाही. तिला यात नवल वाटलंच नाही.

"चिन्नोर कोनी ठेवते का? आधी खाऊन टाकाव लागते, वास उडून जाते त्याचा. एचएमटी ठेवाव. नवा एचएमटी शिजवला तं गिच्च होते. तांदूळ वाईट नसते तो, नवा असते."

मी डबा तसाच हातात धरून बसलो. सगळं यातच आलं होतं.

चिन्नोर आमच्या भंडारा जिल्ह्याचा वासाचा तांदूळ, शेजारच्या घरी शिजला तरी कळावा असा. पण त्याची सगळी श्रीमंती वासात आणि वास उडणारा. एचएमटी दादाजी खोब्रागडेंनी तिकडं नागभीड तालुक्यातल्या नांदेडला निवडून काढलेला, एचएमटी घड्याळावरून नाव पडलेला. त्याला वर्षभर कोठीत ठेवला की पाणी जास्त पितो आणि दाणा दाण्यापासून सुटा होतो. सिगारचं तेच. मॅकॅन्युडोचं वरचं पान कनेक्टिकट शेड, म्हणजे कापडाच्या मांडवाखाली वाढवलेलं; आमच्या भाषेत शेडनेटचं पीक. पातळ, फिक्कं, सौम्य. आज जी मलईसारखी चव आहे तीच दोन वर्षांनी पुसट होणार. ती चिन्नोर.

ओलिव्हा सेरी व्हीच्या पोटात लिगेरो आहे, तंबाखूच्या झाडाची शेंड्याकडची पानं. ऊन सगळ्यात जास्त त्यांनाच लागतं, म्हणून जाड, तेलकट, जहाल आणि हळू जळणारी. पहिली ओढली तेव्हा डोकं गरगरलं, धुऱ्यावरच बसून राहिलो. पण त्या कडकपणाच्या मागं कोको, भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखं काहीतरी होतं. पार्टागास तशीच. पेटी पहिल्यांदा उघडली तेव्हा गोठ्याचा वास आला. माझं आयुष्य युरियात गेलेलं, मला ओळखायला वेळ लागला नाही: अमोनिया. पान वळल्यानंतरही आत आंबणं चालूच असतं आणि हा वायू हळूहळू सुटत राहतो. नवेपणी त्यानंच नाक झणझणतं. आता दीड वर्षानं तो वास जवळपास गेला. पेटीच्या खाली शिक्का आहे, "एबीआर" आणि वर्ष. मी आधी कुण्या मुकादमाची आद्याक्षरं समजलो होतो. ते स्पॅनिशमधलं एप्रिल. वय तिथून मोजायचं, माझ्या घरी आल्यापासून नाही.

तर नवी आणि वाईट यांतला फरक ओळखायचा, इतकंच. जिच्यात चव आहे पण कडक आहे, ती ठेवावी. जी आजच बेचव आहे ती दहा वर्षं ठेवली तरी जुनी बेचवच.

दुसरी गोष्ट मात्र आईनं नाही सांगितली, मलाच सुचली. एकुलती एक सिगार मुरवायला ठेवण्यात काही राम नाही. मधे चाखून बघता येत नाही. लोणच्याची बरणी आपण अधूनमधून उघडतो, फोड काढून बघतो. सिगार एकदा पेटवली की संपली. म्हणून एकाच जातीच्या चार-पाच हव्यात, म्हणजे दर वर्षी एक ओढायची आणि कुठवर आली ते बघायचं.

यात पाद्रोन बाद झाली. सगळ्यात महाग तीच, आणि मोह तिलाच ठेवायचा होता. पण ती एकच आहे, शिवाय तिची पानं कारखान्यातच चार वर्षं मुरवलेली. त्यांनी केलेल्या कामावर मी फ्रीजमध्ये काय करणार? महाग आहे म्हणून जपायची, हे मी दुकानात दर हंगामात बघतो. महागडं औषध आणतात, "लागलं तर" म्हणून ठेवतात आणि तारीख निघून जाते.

निकाल: ओलिव्हा चारही आणि पार्टागास सहा. दहा झाल्या. सातवी पार्टागास आत्ताची चव लक्षात राहावी म्हणून या महिन्यात ओढायची. मॅकॅन्युडो तीन पावसाळ्यात. पाद्रोन दिवाळीला भावासोबत, अर्धी अर्धी नाही करता येत, आळीपाळीनं. व्हॅनिलावाली आधीपासून वेगळ्या डबीत आहे, नाहीतर तिचा वास सगळ्यांना लागला असता. ती ज्याला हवी त्यानं न्यावी.

साडेअकरा झाले. कुलरच्या टाकीत पाणी टाकून झोपतो.

२६ मे

सकाळी दहा जणी डब्यात भरल्या. पार्टागास नुसत्या आहेत. ओलिव्हाचे पारदर्शक कागद काढावे की ठेवावे यावर पंधरा मिनिटं घालवली. ठेवले. त्यातून हवा जाते-येते, आणि आडदांड हातांपासून पान वाचतं. दीड वर्षात कागद किंचित पिवळा पडलाय, नव्यासोबत धरला तरच कळेल इतका. सोबत डब्यातला ओलावा ६५ वर धरून ठेवणारी दोन बोव्हेडा पाकिटं.

डब्यावर चिठ्ठी लावली: ओलिव्हा, दर वर्षी एक, धान चुरणं झालं की. पार्टागास, तशीच.

फ्रीजच्या थंडीत मुरणं जवळपास थांबतं हे मला ठाऊक आहे. म्हणजे माझ्या सिगारचं वर्ष पुरतं बारा महिन्यांचं नाही. जुलैच्या मध्यावर बाहेर काढीन, मग बुरशीवर लक्ष. आषाढ-श्रावणात आमच्या भिंतीसुद्धा ओल्या लागतात.

३१ मे

काल संध्याकाळी बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीवर सातवी पार्टागास ओढली. पाऊण तास लागला. पहिला भाग अजून तिखट, मधे एकदम निवळली, ओल्या मातीवर बसल्यासारखं वाटलं, शेवटी पुन्हा जिभेला चावली. वहीत लिहून ठेवलं. "तिखट" लिहिलं की "कडक", यात अडकलो. पुढच्या वर्षी याच शब्दांशी ताडायचं आहे, तेव्हा नेमका पाहिजे. "तिखट"च ठेवला.

व्हॅनिलावाली राईस मिलवाल्या मित्रानं नेली. दोन झुरके मारून म्हणाला, "बे, हे तं अगरबत्ती होय." उरलेली विझवून कानावर लावून गेला.

फ्रीज उघडून पाहिलं. बायकोनं जागा नाही म्हणून डब्यावरच लिंबं रचलेली. झाकण काढून नाक घातलं. लिंबाचा वास नाही, कोथिंबिरीचा नाही. पण दोनातल्या एका पाकिटाचे कोपरे कडक झालेत, दाबलं की पापडासारखं लागतं. आतलं पाणी संपत आलं की असं होतं. नवी मागवावी लागतील. कुरिअर पवनीपर्यंतच येतं. शुक्रवारी बियाण्याची गाडी उतरवायला जायचंच आहे, तेव्हा घेऊन येईन.